कागदावरची बोली आणि कानावरची बोली

पेणच्या खाडीकांठीं खारजमीन कसणाऱ्या आगरी म्हाताऱ्याच्या तोंडीं ‘वेळ’ हा ‘येल’ होतो, ‘विस्तव’ हा ‘इस्तव’ होतो आणि ‘घोडा’ हा ‘घोरा’ होतो. पुण्यामुंबईच्या सुशिक्षितांनीं याला दीर्घकाल अशुद्ध उच्चार म्हटलें. वास्तविक त्यांत नियम आहे. ‘ळ’चा ‘ल’, ‘ण’चा ‘न’, स्वरांमधल्या ‘ड’चा ‘र’ हे फेरफार मनास येईल तसे होत नाहींत. नियमानें चालणाऱ्या उच्चारास चूक म्हणणें हा ऐकणाराच्या कानाचा आळस होय.

या बोलीची शास्त्रीय नोंद प्रथम झाली ती मात्र कानानें नव्हे. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषा-पाहणीचा मराठीस वाहिलेला सातवा खंड १९०५ सालीं निघाला. नॉर्वेचे पंडित स्टेन कोनो यांनीं तो सिद्ध केला. कुलाबा जिल्ह्यांतील, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगडांतील, आगरी बोली त्यांत आली. पद्धत अशी, कीं बायबलांतील उधळ्या पुत्राची गोष्ट स्थानिक बोलींत उतरवून घ्यावयाची आणि सरकारी अधिकाऱ्यांमार्फत तो कागद पाठवावयाचा. पंडितांपुढें आला तो कागद; बोलणारा माणूस गांवींच राहिला. शिवाय लिहिणारा हात साक्षर, म्हणून सवयीनें तो शुद्धाकडे वळणार. आणि आपली लिपी तरी काय सांगते? ‘चार’ मधला ‘च’ आणि ‘चाक’ मधला ‘च’ ती एकाच अक्षरानें लिहिते.

ही उणीव ग्रियर्सन यांनाही जाणवली असावी. १९१३ ते १९२९ या काळांत निरनिराळ्या प्रांतांतील भाषांच्या ग्रामोफोन-तबकड्या या पाहणीसाठीं काढण्यांत आल्या. पुढें ना. गो. कालेलकर यांच्या ‘ध्वनिविचार’ने १९५५ सालीं मराठी वाचकास स्वतःच्याच तोंडाकडे लक्ष देण्यास शिकविलें. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें बोलींची जी पाहणी केली, तींत लहान चित्रफिती दाखवून ‘काय घडलें तें सांगा’ असें विचारण्यांत आलें व उत्तरें ध्वनिमुद्रित झालीं. भाषांतराचा जाच गेला, माणूस आपल्या ओघांत बोलूं लागला.

आतां ऐकण्याचें काम यंत्राकडे आलें आहे. बोललेलें लिहून दाखविणाऱ्या यंत्रास ध्वनिमुद्रण आणि त्याचा लेख अशा जोड्या देऊन शिकवितात. येथें जुनाच प्रश्न नव्या वेषांत उभा राहतो. मुद्रणांत ‘येल’ ऐकूं आलें असतां लेखांत काय लिहावें? ‘वेळ’ लिहिलें तर पेणच्या माणसाचें म्हणणें यंत्रास समजेल, पण त्याचा उच्चार १९०५ च्या कागदाप्रमाणेंच नाहींसा होईल. ‘येल’ लिहिलें तर उच्चार राहील, परंतु त्याच शब्दाच्या दोन रूपांचा मेळ घालावा लागेल. दोन्ही लेख शेजारीं ठेवणें हाच त्यांतला प्रामाणिक मार्ग दिसतो. त्याला श्रम दुप्पट लागतात. रोह्याच्या डोंगरउतारावरील कातकरी वाड्यांची बोली तर आणखी निराळी. तेथें लेख लिहिणारा त्या वाडींतलाच हवा, आणि घाई तर इतकी, कीं धाटावच्या कारखान्यांनीं व रेल्वेनें नवे उच्चार केव्हांच दारांत आणून ठेवले आहेत.