तंत्रताण
संगणक, मोबाइल व स्वयंचलित प्रणालींशी जुळवून घेताना कर्मचाऱ्यावर येणारा मानसिक ताण. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्रेग ब्रॉड यांच्या १९८४ सालच्या ग्रंथामुळे ही संकल्पना रूढ झाली. मार्च २०२० मध्ये कोविड साथीमुळे लागू झालेल्या टाळेबंदीत दूरस्थ काम, म्हणजे कार्यालयाबाहेरून संगणकाद्वारे केलेले काम, वाढले. त्यात प्रवास वाचला, तरी कामाची वेळ घरात शिरल्याने चिडचिड व एकाकीपणा वाढून कार्यक्षमता घटू शकते. भिवंडीच्या (जि. ठाणे) परिसरातील गोदामांत मात्र माल उचलणे, तपासणे व बांधणे ही कामे घरून होऊच शकत नाहीत. तेथे हातातील स्कॅनर प्रत्येक नगाची नोंद करतो; त्याच नोंदींवरून कामगाराचा वेगही मोजता येतो आणि सततच्या देखरेखीचे दडपण येते. त्यामुळे तंत्रताणाचा विचार कार्यालयीन नोकरवर्गापुरता ठेवणे अपुरे आहे.