सिली बेटांवरील शरदकालीन पक्षीनिरीक्षण

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकापासून सुमारे ४५ किमी. दूर, अटलांटिकमधील सिली द्वीपसमूहावर सप्टेंबर-ऑक्टोबरात चालणारे स्थलांतरित पक्ष्यांचे निरीक्षण. मनुष्यवस्ती सेंट मेरीज, ट्रेस्को, सेंट मार्टिन्स, ब्रायर आणि सेंट अ‍ॅग्नेस या पाच बेटांवरच आहे.

येथले दुर्मिळ पक्षी बहुतेक वाट चुकलेले असतात, आणि त्यांत पहिल्यांदाच प्रवासाला निघालेली त्या वर्षीची पिले पुष्कळ. लाल डोळ्यांचा व्हिरिओ किंवा करड्या गालाचा कस्तुर अमेरिकेतून दक्षिणेला निघतो आणि वादळी पश्चिमी वाऱ्यात सापडून महासागराच्या या काठाला लागतो. सायबेरियाकडचे वटवटे पूर्वेच्या वाऱ्याबरोबर येतात.

दमलेल्या पक्ष्याला आसरा मिळतो तो मुख्यतः फुलशेतीमुळे. नार्सिससची चिमुकली शेते खाऱ्या वाऱ्यापासून वाचावीत म्हणून त्यांच्याभोवती पिटोस्पोरम, युओनिमस यांची उंच, दाट कुंपणे राखलेली असतात. आत वारा पडलेला असतो, पानांवर किडे-माश्या मुबलक. निरीक्षकाने आडोशाच्या बाजूला उभे राहून पान हलण्याची वाट पाहायची. पिवळ्या भुवईचा वटवट्या मात्र दिसण्याआधी ऐकू येतो : एकच बारीक, शेवटी चढत जाणारी शीळ.

आपल्याकडे ज्वारीवर थव्यांनी उतरणारी भोरडी (पळसमैना) येथे शरदात एकटीदुकटी येते. युरोपीय मैनांच्या थव्यातले मातकट अंगाचे, पिवळसर चोचीचे ते पिलू पाहायला माणसे मुद्दाम वाट वाकडी करतात. सापमार गरुडाची ब्रिटनमधील पहिली नोंदही येथलीच, ऑक्टोबर १९९९ची.

सेंट अ‍ॅग्नेसवर १९५७ साली पक्षीनिरीक्षण केंद्र सुरू झाले. ते दहाएक वर्षे चालले. खरी गर्दी नंतरची. १९८०च्या दशकात ऑक्टोबर म्हणजे सिली, हे ब्रिटिश पक्षीवेड्यांत ठरूनच गेले होते. दिवसभर बोटीने बेटे पालथी घालायची आणि रात्री सेंट मेरीजला जमून दिवसाच्या नोंदी एकेक करून वाचायच्या, हा शिरस्ता. नवख्यांना कुंपणापाशी उभे राहायला शिकवणारे येथील मार्गदर्शक डेव्हिड हंट १९८५ साली भारतात कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानात वाघाच्या हल्ल्यात मरण पावले.

१९९०च्या दशकानंतर बरेच निरीक्षक उत्तरेकडील शेटलंड बेटांकडे वळले. पूर्वेचे पक्षी तिथे अधिक येतात. अमेरिकेच्या छोट्या वनपक्ष्यांसाठी मात्र सिलीचे महत्त्व आजही आहे.