न विसळलेला डबा

लहानपणी शेजारच्या काकूंचा डबा परत करायला मला पिटाळलं जायचं, तेव्हा आईचा एक नियम असायचा. डबा रिकामा द्यायचा नाही. काहीच नसेल तर चमचाभर साखर तरी घालायची. त्याआधी तो घासायचा, हे वेगळं सांगावं लागत नसे. आता समजा, एखाद्याने पहिला नियम पाळला आणि दुसरा विसरला... म्हणजे घरात उरलेलं परवाचं काहीतरी तसंच काकूंच्या हातात!

ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलने हे कित्येक वर्षं केलंय. या वीकांताला त्याचीच गोष्ट. (शेवटी एक कबुलीजबाबही आहे, तेव्हा मधेच पळू नका.)

आधी एक गोंधळ मिटवू. 'मेमरी लीक' म्हटलं की आपल्याला घेतलेली मेमरी परत न करणारा प्रोग्राम आठवतो. ही गळती वेगळी. इथे मेमरी परत केली जाते, पण पुसून नाही. पुढच्याला ती मिळते तेव्हा आधीच्याचं उष्टं तिच्यात असतं. ते पासवर्डचे तुकडे असू शकतात, कोणाच्या मेलमधली ओळ असू शकते, नाहीतर कर्नेलच्या आतले पत्ते. हे पत्ते हाती लागले की चोराला घराचा नकाशाच मिळाला म्हणायचं.

हे होतं का? कारण सी भाषा. डेनिस रिची आणि मंडळींनी ज्या पहिल्या पीडीपी-११ वर युनिक्स चालवलं, त्याची मेमरी होती अवघी २४ किलोबाइट. तिथे एकेक सूचना मोजून वापरायची. फंक्शनमधलं साधं व्हेरिएबल घोषित केलं की सी त्याला जागा देते, पण ती जागा साफ करत नाही. तुम्ही लगेच त्यात काहीतरी लिहिणारच आहात, मग दोनदा काम कशाला? त्या काळी हा हिशोब बरोबरच होता. त्याचा अर्थ मात्र असा, की साफ करायची जबाबदारी माणसाच्या आठवणीवर आली.

यातला धोका कुणाला कळला नव्हता असं नाही बरं का. १९८३ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सुरक्षित संगणक कसा असावा याचे निकष छापले. मुखपृष्ठ नारिंगी, म्हणून नाव पडलं 'ऑरेंज बुक'. त्यात 'सी-२' या दर्जापासून पुढे 'ऑब्जेक्ट रीयूज' अशी एक अट आहे: मेमरी असो वा डिस्क, नव्या माणसाच्या हाती देताना आधीच्याची माहिती त्यातून मिळता कामा नये. थोडक्यात, डबा विसळून द्या. १९९५ मध्ये विंडोज एनटी ३.५ ने सी-२ दर्जा मिळवलाही. प्रश्न सुटला?

कुठला सुटतोय!

जानेवारी २००३. अ‍ॅटस्टेक नावाच्या कंपनीतल्या ओफिर आर्किन आणि जॉश अँडरसन यांनी 'ईथरलीक' जाहीर केलं. इथे आमच्या आईचा पहिला नियम शब्दशः लागू होतो. ईथरनेटच्या पाकिटात किमान ४६ बाइटचा मजकूर लागतोच, रिकामं पाकीट चालत नाही. पण 'हा पत्ता कोणाचा?' असं विचारणारा एआरपीचा मजकूर फक्त २८ बाइटचा असतो. उरलेल्या १८ बाइटमध्ये काय घालायचं? नियम म्हणतो, शून्यं घाला. बऱ्याच नेटवर्क कार्डांच्या ड्रायव्हरांनी नुसती लांबी वाढवली आणि पाकीट रवाना केलं. त्या १८ बाइटमध्ये मग काय, जे आधीपासून पडलं होतं ते! कधी आधीच्या पाकिटाचा तुकडा, कधी कर्नेलच्या मेमरीचा. त्याच नेटवर्कवर बसलेल्या कोणीही छोटेसे पिंग पाठवत राहावं आणि उत्तरांची शेपटं गोळा करावीत. जगभरातल्या सुरक्षा-दोषांच्या यादीत २००३ सालचा क्रमांक एक याच दोषाला मिळालाय.

२००५ मध्ये लिनक्सच्या ईएक्सटी-२ फाइल सिस्टिमची पाळी. नवी डिरेक्टरी बनवली की तिच्यात दोनच नोंदी असतात, एक स्वतःची आणि एक वरच्या डिरेक्टरीची. दोन्ही मिळून २४ बाइट. ब्लॉक मात्र ४०९६ बाइटचा. उरलेले ४०७२ बाइट न पुसताच डिस्कवर लिहिले जात. एक रिकामी डिरेक्टरी बनवा, चार किलोबाइट कर्नेल फुकट! असा पेनड्राइव्ह कुणाला दिलात, तर सोबत काय काय दिलंत हे तुम्हालाही कळणार नाही.

दर वेळी दोष दुरुस्त व्हायचा आणि दर वेळी निष्कर्ष एकच निघायचा: प्रोग्रामर निष्काळजी होता, पुढच्या वेळी लक्षात ठेवा.

आता तो कबुलीजबाब. माझ्या सुरुवातीच्या एका नोकरीत आम्ही एक ड्रायव्हर लिहीत होतो. नव्याने आलेल्या एका मुलीचा कोड माझ्याकडे रिव्ह्यूला आला. तिने एक स्ट्रक्चर घेतलं होतं, एक बाइटचा फ्लॅग आणि चार बाइटचा आकडा. वापरण्याआधी तिने मेमसेट मारून ते सगळं शून्य केलं होतं. मी शेरा मारला: 'दोन्ही फील्ड भरतेयस की, मग हे कशाला? उगाच वेळ खातंय.' ती मला अहो-जाहो करायची. तिने निमूट ती ओळ काढली.

एक अधिक चार किती? पाच? मेमरीत ते आठ भरतात! चार बाइटचा आकडा चारच्या पटीतल्या पत्त्यावर बसावा म्हणून कंपायलर मधे तीन बाइटचं भोक ठेवतो. फील्ड कितीही भरा, त्या भोकाला कोणी हात लावत नाही. काही महिन्यांनी ग्राहकाच्या टेस्टरला ते तीन बाइट सापडले. मीटिंगमध्ये बोलणी तिने खाल्ली, कारण कोडवर नाव तिचं. मी गप्प बसलो.

असो. इतिहासाकडे येऊ. २०१७-१८ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरोमधल्या माटेऊश युर्चिकने अख्खी विंडोज एका इम्युलेटरमध्ये चालवली आणि न भरलेल्या प्रत्येक बाइटला जणू रंग लावला. रंगीत बाइट कर्नेलमधून बाहेर पडला की घंटा वाजणार. विंडोज ७ आणि १० मध्ये सत्तरहून जास्त दोष निघाले, लिनक्समध्ये दहाहून जास्त. त्यात आमच्यासारखी भोकंही होतीच. सी-२ दर्जा मिळवणाऱ्या त्याच एनटीच्या वंशात, दोन दशकांनंतर! एवढे सगळे लोक निष्काळजी कसे असतील? तेव्हा कुठे नियमच उलटा करायचं मनावर घेतलं गेलं: साफ करणं मूळ सवय, आणि नको असेल तर तसं सांगा.

२०१८ च्या डिसेंबरात क्लँग कंपायलरमध्ये जे. एफ. बास्तिएं यांनी सगळी स्थानिक व्हेरिएबल आपोआप भरण्याची सोय घातली, भोकांसकट. पण शून्याने भरलं तर लोक त्यावर विसंबतील आणि सीची नवीच बोली तयार होईल, अशी काहींना भीती. म्हणून शून्य हवं असेल तर आणखी एक लांबलचक पर्याय द्यावा लागे. त्याच्या नावातच लिहिलं होतं, की हा पर्याय पुढे काढून टाकला जाणार हे मला ठाऊक आहे. झालं उलटंच. २०२३ मध्ये क्लँग १६ ने ती अटच सोडली, आणि शून्य टिकलं. मधल्या काळात मायक्रोसॉफ्टनेही २०१९ पासून विंडोजमध्ये अशीच व्यवस्था आणली, त्याच वर्षी लिनक्स ५.३ मध्ये मेमरी देतानाच पुसण्याची सोय आली, आणि २०२२ मध्ये जीसीसी १२ ला हे जमायला लागलं.

आणि वेगाचं काय? लगेच भरलं जाणारं व्हेरिएबल आजच्या कंपायलरला ओळखता येतं. तिथलं शून्य तो स्वतःच गाळतो. म्हणजे मी ज्यासाठी तिला ती ओळ काढायला लावली, ते काम माझं नव्हतंच.

हा लेख लिहायला घेतल्यावर मी तिला फोन केला. एवढ्या वर्षांनी. आता ती मोठ्या टीमची प्रमुख आहे. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. ती हसली. म्हणाली, "मला माहीत होतं. त्या रिव्ह्यूमध्ये तुमचा शेरा होता ना. मीटिंगमध्ये दाखवता आला असता, पण तेव्हा हिंमत झाली नाही." मग तिने सांगितलं, की तिच्या टीममध्ये मेमसेट काढायला कुणी सांगितलं तर कारण लेखी द्यावं लागतं.

मी म्हटलं, बरोबर आहे.