वाळूलाही इतिहास असतो : कोयना, मुळा आणि द्रवीकरण #थ्रेड

१/ ११ डिसेंबर १९६७ची पहाट. कोयनेच्या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली, धरणाच्या भिंतीला तडे गेले. दख्खनचे पठार स्थिर आहे, हा समज त्या दिवशी मोडला. १९७० साली देशाच्या भूकंपक्षेत्रांची फेरआखणी झाली.

२/ त्याच काळात तत्कालीन अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, राहुरीजवळ बारागाव नांदूर येथे मुळा धरण आकार घेत होते. कोयनेची भिंत काँक्रीटची, तर मुळेची मुख्यतः मातीची. मातीच्या धरणाला भूकंपात वेगळा धोका संभवतो : द्रवीकरण.

३/ सैल वाळूचे कण एकमेकांवर टेकून भार पेलतात. हादरे बसताच ते दाटीने बसू पाहतात. मधल्या पाण्याला निसटायला वेळ मिळाला नाही, तर भार पाण्यावर येतो, दाब वाढतो आणि वाळू द्रवासारखी वाहू लागते.

४/ १६ जून १९६४ रोजी जपानच्या निइगाता शहरात अखंड इमारती अशाच कलंडल्या. ९ फेब्रुवारी १९७१ रोजी कॅलिफोर्नियातील लोअर सॅन फर्नांडो धरणाचा माथा घसरला. पाण्यासोबत माती वाहून आणून रचलेला तो जुना भराव होता. सुमारे ८०,००० लोकांना घरे सोडावी लागली.

५/ मग दोन सारख्याच घनतेच्या वाळू सारख्याच वागतील काय? नाही. १९७० साली फिन, ब्रॅन्सबी व पिकरिंग यांनी प्रयोगांती दाखवले की, पूर्वी सौम्य हादरे सोसलेली वाळू अधिक टिकते. मात्र एकदा द्रवरूप झालेली वाळू, नंतर अधिक दाट बसूनही, पुन्हा लवकर ढासळू शकते.

६/ १९७५ साली मार्टिन, फिन व सीड यांनी हे गणितात मांडले. प्रत्येक आवर्तनात वाळू किती दबेल, हे आधी ती किती दबली आहे त्यावर ठरते. त्यावरून पाण्याचा वाढता दाब काढता येतो.

७/ भराव थराथराने, योग्य ओलावा राखून रोलरखाली दाबण्यामागचे मर्म इथे उमगते : भूकंपापूर्वीच मातीला चांगला पूर्वेतिहास देणे.

८/ न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये सप्टेंबर २०१०मध्ये द्रवरूप झालेली जमीन फेब्रुवारी २०११मध्ये पुन्हा द्रवरूप झाली. एकदा तगलेली जमीन सुरक्षित मानणे म्हणूनच धोक्याचे. ती कशी तगली, हे आधी विचारावे लागते. (समाप्त)