ख्रिस्ती मंडळी : बुलढाणा जिल्हा

एका गावी किंवा परिसरात नियमितपणे एकत्र येऊन उपासना करणाऱ्या ख्रिस्ती श्रद्धावंतांच्या समाजास ‘मंडळी’ असे म्हणतात. ‘चर्च’ या शब्दाने उपासनेची वास्तू, संप्रदाय व धर्मसंस्था असे निरनिराळे अर्थ सूचित होतात. मराठी ख्रिस्ती परिभाषेतील ‘मंडळी’ हा शब्द मात्र प्राधान्याने माणसांचा वाचक आहे. नव्या करारातील ‘एक्लेसिया’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही ‘बोलावून एकत्र आणलेली सभा’ असाच आहे. पौलाची बहुतेक पत्रे अशाच लहान स्थानिक मंडळ्यांना उद्देशून लिहिलेली असून परस्परांना धीर देणे, परस्परांचे भार वाहणे आणि एकत्र जमण्याचा परिपाठ न सोडणे, हे नव्या करारातील पत्रांचे वारंवार येणारे उपदेश होत. बुलढाणा जिल्ह्यातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा इतिहास म्हणजे हे उपदेश विदर्भाच्या ग्रामीण परिस्थितीत आचरणात आणण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आला. पुढे लोहमार्ग झाल्यावर मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे मुंबई–नागपूर मार्गावर आली आणि जलंब येथून फाटा निघाल्याने खामगाव ही कापसाची मोठी बाजारपेठ बनली. खामगाव व जळगाव हे तालुके १९०५ मध्ये अकोला जिल्ह्यातून बुलढाणा जिल्ह्यात समाविष्ट झाले. धर्मप्रसारक संस्थांची ठाणी प्रथम लोहमार्गालगतच्या गावी व नंतर घाटावरील बुलढाणा, चिखली या भागांत झाली.

जिल्ह्याच्या ख्रिस्ती इतिहासात दोन संस्थांचे कार्य प्रमुख आहे. पहिली ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’. ए. बी. सिम्पसन या मूळच्या कॅनडातील धर्मोपदेशकाने अमेरिकेत १८८७ मध्ये सुरू केलेल्या चळवळीतून ही संस्था उदयास आली. अकोला, खामगाव, मलकापूर इ. ठिकाणी तिने कार्य केले. दुसरी ‘चर्च ऑफ द नाझरीन’. तिच्या पूर्वसूरी संस्थेचे पहिले मिशनरी १८९८ मध्ये भारतात आले आणि त्यांनी इगतपुरी येथे काम आरंभिले. १९०४ मध्ये दुसरी तुकडी बुलढाण्यास आली. तीत लेटन एस. ट्रेसी हा कॅनेडियन तरुण होता. अल्पावधीतच ज्येष्ठ मिशनरी कुटुंब संस्थेपासून दूर झाल्यामुळे कामाची जबाबदारी ट्रेसी व त्यांच्या समवयस्क सहकाऱ्यांवर पडली. १९०८ मध्ये टेक्ससमधील पायलट पॉइंट येथे झालेल्या एकीकरणानंतर हे कार्य नाझरीन संप्रदायाचा भाग म्हणून चालू राहिले.

या प्रारंभकाळावर १८९६–९७ व १८९९–१९०० या दोन दुष्काळांची गडद छाया आहे. विशेषतः दुसऱ्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळून निघाला. निराधार मुलांसाठी अनाथगृहे निघाली. अलायन्स संस्थेचे मुलींचे अनाथगृह खामगाव येथे, तर मुलांचे अकोला येथे होते. अशा अनाथगृहांतून वाढलेल्या मुलामुलींचे विवाह होऊन मंडळीतील काही आरंभीची कुटुंबे उभी राहिली. त्यांना चुलता, मामा, आत्या असे गोत नव्हते. गावातून येऊन ख्रिस्ती झालेल्यांपैकी अनेक जण अस्पृश्य मानलेल्या जातींतील होते. धर्मांतरामुळे त्यांचेही सोयरीक, भाऊबंदकी व गावकीतील संबंध ताणले वा तुटले. बारसे, लग्न, आजारपण व अंत्यविधी या प्रसंगी कोणी उभे राहायचे, हा प्रश्न त्यामुळे श्रद्धेच्या प्रश्नाइतकाच निकडीचा होता. त्याचे उत्तर म्हणून मंडळीला उपासकांच्या सभेबरोबरच गणगोताचेही स्थान घ्यावे लागले.

श्रद्धासंवर्धनाची साधने : रविवारची उपासना, प्रभुभोजन व बाप्तिस्मा ही मंडळीच्या जीवनाची मुख्य अंगे होत. तथापि विखुरलेल्या, अल्पसंख्य व बव्हंशी निरक्षर समाजात आठवड्यातून एका उपासनेने श्रद्धा टिकणे कठीण होते. म्हणून घरोघरीच्या सायंप्रार्थना, मुलांची शब्बाथ शाळा, स्त्रियांची प्रार्थनासभा व पाळकांच्या गृहभेटी यांवर भर देण्यात आला. बायबल वाचून दाखविणाऱ्या व शिकविणाऱ्या स्त्रिया घरात थेट माजघरापर्यंत जाऊ शकत. पुरुष प्रचारकास तेथे प्रवेश नसे. पवित्र शास्त्र स्वतः वाचता यावे, या इच्छेने अनेक प्रौढ स्त्रीपुरुष अक्षरे गिरवू लागले. सामान्य स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीत बायबल आणण्याचे पंडिता रमाबाईंचे कार्य या संदर्भात उल्लेखनीय आहे. त्यांचे संपूर्ण भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरे प्रभावी साधन म्हणजे गायन. इंग्रजी चालींवर बेतलेली गीते मराठी कानाला परकी वाटत. अहमदनगरचे कृष्णा रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांनी ख्रिस्ती आशय देशी चालींत आणला आणि नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग, पद व कीर्तन या रूपांतून त्याला उच्च काव्यगुण प्राप्त करून दिले. टिळकांची पदे संप्रदायभेद ओलांडून मराठी मंडळ्यांत पसरली. शेगावसारखे संतक्षेत्र असलेल्या आणि वारकरी भजनाची परंपरा घरोघर रुजलेल्या या जिल्ह्यात टाळ, पेटी व ढोलकी यांच्या साथीने होणारे गायन लोकांना परिचित होते. शिवाय पुस्तक वाचता न येणाऱ्यासही पद मुखोद्गत करता येत असे. उपासनेत श्रोता म्हणून बसण्याऐवजी तो सहभागी होई.

तिसरे साधन वार्षिक सभांचे. सुगीनंतर, थंडीच्या दिवसांत मिशनरी व देशी प्रचारक राहुट्या घेऊन गावोगाव हिंडत. झाडांच्या सावलीत मुक्काम करून भरणाऱ्या वार्षिक सभांना दूरदूरची कुटुंबे येत. प्रवचने, साक्षी व पश्चात्तापप्रार्थना हा त्यांचा उघड हेतू. परंतु त्याचबरोबर गाठीभेटी, सोयरिकी व विचारविनिमयही तेथे होत. आपल्या गावात एकटे पडलेल्या कुटुंबाला आपण एका मोठ्या समाजाचे घटक आहोत याची जाणीव या सभांनी दिली.

दान आणि आस्था : नाझरीन संप्रदायाचा उगम जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट परंपरेत आहे. त्या परंपरेतील एक घटना मंडळीजीवनाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी १८४२ च्या शंभर वर्षे आधी, म्हणजे १७४२ मध्ये, सभासदांचे सुमारे बारा जणांचे गट पाडण्यात आले आणि प्रत्येकाकडून दर आठवड्यास एक पेनी गोळा करण्याचे काम गटनायकावर सोपविले गेले. घरोघर फिरताना नायकांना कोणाचे आजारपण, कोणाचे व्यसन, कोणाचे भांडण कळू लागले. वेस्ली यांनी ही संधी ओळखली व वर्गणीची योजना ही आत्मिक देखरेखीची योजना बनली. दान व आस्था ही दोन कामे वेगळी नसतात, हा या घटनेचा बोध होय.

मराठी मंडळ्यांत हेच तत्त्व निराळ्या रूपाने आढळते. स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूस काढून ते मंडळीस देणे, पहिल्या पिकाच्या सणाला शेतमाल अर्पण करून त्याचा लिलाव करणे, उत्पन्नाचा दशांश देणे, या प्रथांमुळे रोख पैसा नसलेल्या घरासही दात्याचा मान मिळाला. मूठभर ज्वारीने पाळकाचा संपूर्ण निर्वाह होत नसे. तथापि ‘मिशन आपल्याला देते’ या भावनेची जागा ‘मंडळी आपली आहे’ या भावनेने घ्यावी, हा त्यामागील उद्देश होता.

तो सहज साध्य झाला नाही. शाळा, वसतिगृहे, जमिनी व पगारी प्रचारकांच्या जागा मिशनच्या हाती असल्याने पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे मिशनवर अवलंबून राहिली. मिशनरी हा एकाच वेळी धर्मगुरू, मालक व मायबाप ठरला. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनशी वेतनसंबंध तोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, तो मराठी ख्रिस्ती मनाची ही कोंडी फोडण्यासाठीच. बुलढाण्यात ट्रेसी यांनी देशी पाळकांच्या हाती कारभार देण्याचा आग्रह धरला. ते १९३४ पर्यंत भारतात होते. त्यानंतरच्या काही वर्षांतच सॅम्युएल भुजबळ हे नाझरीन मंडळ्यांचे पहिले भारतीय जिल्हा अधीक्षक झाले. याच सुमारास नाझरीन कार्याचा केंद्रबिंदू वाशीमकडे सरकू लागला. तेथील रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय डॉ. ऑर्फा स्पायकर यांच्या प्रयत्नांतून उभे राहिले. त्या १९३६ मध्ये भारतात आल्या होत्या.

स्वातंत्र्योत्तर काळ : स्वातंत्र्यानंतर बुलढाणा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेश राज्यात होता. त्या राज्याच्या शासनाने १९५४ मध्ये नेमलेल्या भवानीशंकर नियोगी समितीने परदेशी मिशनांच्या कार्याची चौकशी केली व १९५६ मधील अहवालात त्यावर कठोर टीका केली. परदेशी मिशनऱ्यांच्या प्रवेशावर क्रमशः निर्बंध आले. स्थानिक ख्रिस्ती माणसाला आपली निष्ठा परकी नाही, हे शेजाऱ्यांसमोर आपल्या वर्तनाने सिद्ध करावे लागले.

याच काळात आणखी दोन घटनांनी मंडळीच्या सामाजिक जीवनावर परिणाम केला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. पुढे शीख (१९५६) व बौद्ध (१९९०) यांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. दुसरी घटना म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलेली बौद्ध धम्मदीक्षा. तिच्यामुळे विदर्भातील दलित समाजाला स्वाभिमानाचा नवा मार्ग मिळाला. ज्या वस्त्यांतून पूर्वी लोक ख्रिस्ती झाले, त्याच वस्त्यांत आता बौद्ध विहारे उभी राहिली आणि एकाच मूळ कुळातील कुटुंबे दोन धर्मांत विभागली गेली. सवलतींपासून वंचित राहूनही मंडळीत राहणे हा त्यानंतर विचारपूर्वक केलेला निर्णय ठरला.

देशी नेतृत्व घडविण्याच्या दृष्टीने यवतमाळ येथे १९५३ मध्ये स्थापन झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी महत्त्वाची ठरली. ती १९८३ मध्ये पुण्यास हलविण्यात आली. १९७० मध्ये उत्तर भारतातील अनेक प्रॉटेस्टंट संप्रदाय एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ हे संघटन झाले; अलायन्स व नाझरीन मंडळ्या त्यात सामील न होता स्वतंत्र राहिल्या.

मूल्यमापन : जिल्ह्याच्या लोकसंख्येत ख्रिस्ती समाजाचे प्रमाण एक टक्क्याहूनही पुष्कळ कमी आहे. शिक्षण व नोकरीसाठी तरुणांचे पुणे, मुंबई, नागपूर येथे स्थलांतर झाल्याने लहान गावांतील मंडळ्या आणखी क्षीण होतात. संख्येच्या निकषावर या इतिहासाचे मोल ठरविणे मात्र एकांगी होईल. दुष्काळात अनाथ झालेली मुले आणि गावकुसाबाहेरील माणसे यांनी तीन-चार पिढ्यांत स्वतःची उपासना, स्वतःचे गायन व स्वतःचे नेतृत्व असलेला समाज घडविला, ही त्याची खरी फलश्रुती होय. मिशनने बांधलेल्या वास्तू व संस्था या कार्याच्या दृश्य खुणा होत. त्यांचे व्यवस्थापन व अर्थबळ काळानुसार बदलत गेले. आजाऱ्याची विचारपूस, घरची प्रार्थना, पाठ असलेले पद आणि बाजूला काढलेली मूठ यांना मात्र परक्या निधीची गरज कधीच नव्हती. मंडळीची श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या टिकविण्यात या साध्या आचारांचा वाटा म्हणूनच सर्वांत मोठा आहे.