खेळ लिहिला कोणी, खेळवला कोणी?

सारीपाटात फासे असतात, पण सोंगटीला स्वतःचा स्वभाव नसतो. भातुकलीत प्रत्येकाला भूमिका असते, पण तिथं फासे नाहीत. वाद झाला की खेळ मोडतो. या दोन्ही गोष्टी एकत्र आणणारा खेळ १९७४ साली अमेरिकेत छापून आला. नाव, डंजन्स अँड ड्रॅगन्स. आपला आजचा प्रश्न साधा आहे: तो केला कोणी?

सुरुवात प्रशियात होते. राइसवित्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ मध्ये, वडिलांच्या खेळात सुधारणा करून, नकाशावरचा युद्धखेळ सिद्ध केला. त्यात एक पंच होता. खेळाडू त्याच्याकडे हुकूम देत आणि परिणाम तो सांगे. पुढे नियम इतके वाढले की खेळ जड झाला. मग १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने मांडलं की अनुभवी पंचाचा निर्णय पुरेसा आहे. अमेरिकेत १८८० च्या टॉटनच्या ‘स्ट्रॅटेगॉस’मध्येही पंचाला मोठा अधिकार आहे. जवळजवळ नव्वद वर्षांनी हे जुनं पुस्तक मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्लीच्या हाती पडलं.

वेस्लीने १९६९ च्या सुमारास ब्राउनस्टाइन या काल्पनिक गावाचा खेळ मांडला. काळ नेपोलियनचा. फौजा बाजूलाच राहिल्या. कोणी नगराध्यक्ष, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा प्रमुख. खेळाडू आपसांत कारस्थानं करू लागले, गोंधळ उडाला. वेस्लीला वाटलं, खेळ फसला. खेळाडू म्हणाले, पुन्हा कधी?

इथं थांबून बघा. त्या रात्री खेळाडूंना फौज चालवायची नव्हती, त्यांना ‘मी’ म्हणून वावरायचं होतं. त्यांच्यातल्याच डेव्ह आर्नेसनने मग ‘ब्लॅकमूर’ नावाचं राज्य उभं केलं आणि मित्रांना किल्ल्याखालच्या भुयारांत उतरवलं. तिकडे विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावी गॅरी गायगॅक्स राहत होता; विम्याची नोकरी गेल्यावर जोडे दुरुस्त करणारा. १९७१ च्या ‘चेनमेल’ या युद्धखेळाच्या नियमांत त्याने जादू आणि राक्षस घातले होते. १९७२ मध्ये आर्नेसनने त्याला आपला खेळ दाखवला. गायगॅक्सने तो लिहून काढला. तीन पातळ पुस्तिका, एक खोका, दहा डॉलर. पहिल्या हजार प्रती, खोके हातानेच भरलेले.

पुढे श्रेय आणि मानधन यांवरून १९७९ मध्ये आर्नेसन कोर्टात गेला. १९८१ मध्ये तडजोड झाली. कोर्टाला मालकी ठरवता येते. पण कर्तेपण? एकाने खेळवला, दुसऱ्याने लिहिला. लिहिला नसता तर तो त्या गावाबाहेर गेला नसता. आधी खेळवला नसता तर लिहायला काही नव्हतंच.

आणि एक अडचण. बुद्धिबळाचा डाव चाली टिपून शंभर वर्षांनी पुन्हा मांडता येतो. हा डाव तसा मांडता येत नाही. पंच काय म्हणाला, फासा कसा पडला, कोण घाबरलं, हे उरतं ते ‘तुला आठवतं का?’ या बोलण्यातच. म्हणून या खेळाचा इतिहास आठवणींवर उभा आहे, आणि आठवणी भांडतात. गायगॅक्स २००८ मध्ये गेला, आर्नेसन २००९ मध्ये. त्यांच्या टेबलाभोवती बसलेली माणसंही आता म्हातारी झालीत. त्यांना विचारायचं असेल, तर लवकर विचारायला हवं.