कामगारदिनाचे वादळ



वादळाचा इतिहास सांगायला कामगार चळवळीतला माणूस कशाला उभा राहिला, असा प्रश्न आपणांपैकी काहींना पडला असेल. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या वाचनात अधिक झाले. त्या वाचनात अमेरिकेतील एका वादळाची हकीकत हाती लागली आणि ती मला परकी वाटली नाही. तीत मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक सरकारी कामावरचे मजूर होते. दिवसही कोणता, तर २ सप्टेंबर १९३५, सोमवार. म्हणजे अमेरिकेचा कामगारदिन!

फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकापासून की वेस्ट शहरापर्यंत लहान लहान बेटांची माळ समुद्रात पसरली आहे. पुष्कळ ठिकाणी ही जमीन पाण्यावर जेमतेम काही फूट. १९१२ साली आगगाडी भराव आणि पूल यांवरून की वेस्टला पोचली. मोटारीचा रस्ता मात्र मध्ये तुटलेला होता. तो सांधण्यासाठी मंदीच्या दिवसांत सरकारने जे मजूर आणले ते पहिल्या महायुद्धात लढलेले शिपाई होते. युद्धसेवेचा बोनस त्यांना १९२४ च्या कायद्याने कबूल झाला होता, पण हाती पडायचा होता १९४५ साली. पोटाला आज हवे, म्हणून १९३२ मध्ये हजारो माजी सैनिक वॉशिंग्टनला जाऊन बसले. तेव्हा सरकारने सैन्य पाठवून त्यांना हुसकले आणि त्यांच्या झोपड्या जळाल्या. पुढे सरकार बदलले. नव्या सरकारने बोनस दिला नाही, काम दिले. अशा काही शेकडा लोकांना या बेटांवर आणून ठेवले. राहायला तंबू आणि हलक्या फळ्यांच्या खोपटी. सप्टेंबर हा तिकडे वादळाचा ऐन महिना, हे तिथल्या प्रत्येक कोळ्याला ठाऊक होते.

आता वादळाकडे वळू. आपण ‘मोठे वादळ’ असे सरसकट म्हणतो. परंतु आकार वेगळा आणि जोर वेगळा. हे वादळ आकाराने लहान होते. त्याचा खरा संहार बेटांच्या तीसचाळीस मैलांच्या पट्ट्यात झाला. उत्तरेचे मियामी आणि दुसऱ्या टोकाचे की वेस्ट ही दोन्ही शहरे मोठ्या नाशातून वाचली. जोर मात्र विलक्षण. समुद्रसपाटीवर हवेचा भार सामान्यतः पाऱ्याच्या तीस इंचांच्या आसपास असतो. त्या रात्री एका होडीवरच्या वायुभारमापकाने २६.३५ इंच, म्हणजे ८९२ मिलिबार, दाखवले. पुढे ते यंत्र वॉशिंग्टनला नेऊन तपासले, तेव्हा नोंद ग्राह्य ठरली. अमेरिकेच्या भूमीवर चढलेल्या वादळांत याहून कमी भार आजवर नोंदला गेलेला नाही. भोवतालची हवा अशा पोकळीकडे धाव घेते, आणि पोकळी जितकी आटोपशीर तितका वारा भयंकर. वाऱ्याचा वेग तासाला १८५ मैलांच्या घरात असावा, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. या वाऱ्याने समुद्र अठरा ते वीस फूट उंच लोटला. काही फुटांच्या बेटावर वीस फूट पाणी! माणसाने धरायचे तरी काय?

वेधशाळेचाही अंदाज चुकला. तेव्हा उपग्रह नव्हते, जहाजांच्या तुरळक बातम्यांवर भिस्त. वादळ दक्षिणेकडच्या सामुद्रधुनीतून पश्चिमेस निघून जाईल असे वाटत होते, ते वर वळले. त्यातच दीड दिवसात साधारण वादळाचे महाभयंकर वादळ झाले. एवढे मी मान्य करतो. परंतु धोक्याच्या सूचना आदल्या दिवसापासून येत होत्या, आणि मजुरांना हलवायला एकच साधन होते, ते म्हणजे आगगाडी. ती तयार ठेवलेली नव्हती. सोमवारी दुपारी मागणी गेली. सुट्टीचा दिवस, म्हणून माणसे जमवायला वेळ लागला. साडेचारच्या सुमारास गाडी मियामीहून निघाली, तर सहलीच्या होड्यांना वाट देण्यासाठी नदीवरचा पूल उघडलेला! पुढे इंजिनाचे तोंड फिरवण्यात वेळ गेला. नंतर वाटेत एका लोंबत्या तारेत गाडी अडकली, तिथे तासाहून अधिक मोडला. रात्री आठनंतर गाडी आयलामोराडाला पोचली आणि लोक चढू लागले, तोच लाट आली. सगळे डबे उलथले. आपल्या वजनामुळे एकटे इंजिन रुळांवर उभे राहिले.

मृतांचा आकडा साधारणतः ४२३ धरतात: २५९ माजी सैनिक आणि १६४ इतर रहिवासी. कित्येक मजूर सुट्टीसाठी मियामीला गेले होते म्हणून वाचले. उन्हात प्रेते टिकेनात, तेव्हा बहुतेकांचे जागच्या जागीच दहन करावे लागले.

आठवड्याच्या आतच सरकारी चौकशीचा निकाल आला: ही दैवी आपत्ती, दोष कोणाचाच नाही. की वेस्टला राहणारा लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे मदतीच्या होडीतून जाऊन ती प्रेते पाहून आला होता. त्याने ‘न्यू मासेस’ साप्ताहिकात संतापून लेख लिहिला आणि सैनिकांना मारले कोणी, असे उघड विचारले. जानेवारी १९३६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा नकाराधिकार डावलून बोनस मंजूर केला. बेटांवरच्या मेलेल्यांना त्याचा काय उपयोग? रेल्वे पुन्हा बांधलीच नाही. तिच्याच पुलांवरून १९३८ साली मोटाररस्ता पुरा झाला. आयलामोराडाला १९३७ मध्ये उभारलेले स्मारक आहे. वाऱ्याने वाकलेली माडाची झाडे त्यावर कोरली आहेत आणि खाली मृतांच्या अस्थी आहेत.

माझ्या कामात मी ‘दैवी आपत्ती’ हे शब्द अनेक चौकशांत ऐकले. परांची कोसळली की दैव, बॉयलर फुटला की दैव. म्हणून सांगतो, त्या रात्रीचा वारा दैवाचा होता, लाटही दैवाची होती. पण तंबू दैवाने ठोकले नव्हते, आणि गाडीचा हुकूमही दैवाच्या हाती नव्हता. वादळाचा जोर पाऱ्याच्या इंचांत मोजता येतो. त्यात किती माणसे मरतील हे मात्र वादळापूर्वीच, टेबलाशी बसून, पुष्कळसे ठरलेले असते. त्या टेबलाशी मजुराला जागा मिळावी, एवढ्यासाठी ही हकीकत आपणांपुढे ठेवली.